मनिलाच्या मित्राची यादी
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात फिलिपिन्स इतक्यांदा आलं, की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली. ज्यांनी फ्रीजच्या स्टॅबिलायझरबद्दल विचारलंय त्यांनी जरा दम धरावा.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिहानमधल्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे. अमेरिकेच्या वेळेनुसार शिफ्ट असते आणि अर्धी टीम मनिलात बसते. तिथला एक मुलगा माझ्याच वयाचा आहे, चोवीसचा. चांगली दोस्ती झाली आहे. परवा कॉल कमी होते तेव्हा त्याने मला त्याची यादी वाचून दाखवली : नवा आयफोन, व्हिडिओसाठी छोटा ड्रोन, सिआर्गाओ बेटावर सर्फिंग, जपानला जाऊन बर्फ बघणं आणि स्वतःच्या चॅनलचे एक लाख सबस्क्रायबर. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "आई दुबईत लोकांच्या घरी राबते अन् पोरगा आयफोन मागतो! असल्या उधळ्याच्या नादी लागू नको." मला मात्र त्याचा हेवा वाटतो. माझी अशी काही यादीच नाही. आता तो जानेवारीत नागपूरला येतो म्हणतोय, आमच्याच घरी उतरणार. बाबांना काय सांगू? आणि त्याच्यासाठी तयारी काय करू?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुझ्या बाबांना 'आई दुबईत' हे खटकलं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. तसल्या आया मी जवळून पाहिल्या आहेत. मी मस्कतला एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते. वॉर्डात केरळच्या नर्सेस होत्या, फिलिपिन्सच्या होत्या, आणि मराठीत कुरकुरायला मी एकटी. आमच्या मेसमध्ये फिलिपिन्सच्या इलोइलोची एक सिस्टर होती. ड्यूटी संपली की ती टेबलावर साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची. पलीकडे तिचा मुलगा गृहपाठ करत बसलेला. दोघं बोलायचे नाहीत. ही इकडे कांदा चिरतेय, तो तिकडे पेन्सिलीला टोक काढतोय. मध्येच ही वर न बघता म्हणायची, "पाठ सरळ ठेव." तो ठेवायचा. एकदा त्याच्या फोनची स्क्रीन फुटली तर बाई आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. पगार झाल्याबरोबर तिने पोरासाठी फोन घेतला आणि सुट्टीवर चाललेल्या मैत्रिणीच्या हाती पाठवला. स्वतःचे ड्यूटीचे बूट तळाला फाटले होते, ते तसेच राहिले.

तुझ्या मित्राचं बालपण मला ठाऊक नाही. पण ज्याची आई दुबईत, त्याने ती कुठे पाहिली असेल? फोनवरच ना? तेव्हा फोन चांगला हवा असं त्याला वाटलं तर त्यात उधळेपणा कोणता? फिलिपिन्सची वीस लाखांच्या आसपास माणसं कामासाठी परदेशात असतात. २०२४ साली त्यांनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी धाडली. आता घरी धाडलेला पैसा मोबाईलच्या वॉलेटमध्येही येऊन पडतो. तिथे जी-कॅश नावाचं वॉलेट २००४ पासून आहे. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ ला.

आणि हे लोक काही आज मोबाईलवेडे झालेले नाहीत. साध्या बटणांच्या फोनच्या काळात त्या देशाला जगाची एसएमएस राजधानी म्हणायचे. २००१ च्या जानेवारीत लोकांनी एसएमएस पुढे पाठवत पाठवत मनिलाच्या एड्सा रस्त्यावर गर्दी जमवली आणि राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, मे २००० मध्ये, 'आय लव्ह यू' नावाच्या ईमेलमधून जगभरचे संगणक आडवे करणारा व्हायरस मनिलातल्याच एका पोराने सोडला होता. त्याच्यावर खटला चालवायला तिथे कायदाच नव्हता. तो पुढच्या महिन्यात केला.

बरं, पैसा कसा खर्च होतो तेही ऐक. गल्लीच्या तोंडाशी जाळी लावलेलं छोटं दुकान असतं, त्याला ते सारी-सारी म्हणतात. जाळीतून हात घालून एक शाम्पूची पुडी, दोन सिगारेटी आणि थोडा 'लोड' घ्यायचा. लोड म्हणजे रिचार्ज. महिनाभराचा एकदम मारायची ऐपत नसेल तर दिवसाचा मारतात. काही वस्त्यांमध्ये दुकानाबाहेर एक पेटी टांगलेली असते, तिच्यात एक पेसोचं नाणं टाकलं की काही मिनिटं वायफाय मिळतं. नाणं नाणं टाकून इंटरनेट वापरलेल्या पोराला आयफोनची किंमत कळत नाही असं बाबांना वाटत असेल, तर त्यांना एवढंच सांग.

आता यादीकडे येऊ. आयफोन तो बहुतेक डिसेंबरात घेईल. तिकडे कंपन्यांना २४ डिसेंबरच्या आत तेरावा पगार द्यावाच लागतो, १९७५ पासूनचा हुकूम आहे. आपल्याकडे दिवाळी बोनसवर जसे फ्रीज, टीव्ही निघतात, तसं तिथे या पगारावर. त्यात ख्रिसमसची गाणी सप्टेंबरपासून सुरू, आणि ११ नोव्हेंबरचा ऑनलाइन सेल मध्ये टपलेला. माझं मत विचारशील तर त्याने फोन घ्यावा, पण रोख. हप्ता बांधून घेतलेला फोन पहिल्या महिन्यात आयफोन असतो आणि दहाव्या महिन्यात नुसता हप्ता. हे मी तुलाही सांगतेय बरं का, बर्डीला मोबाईलच्या दुकानांत 'झिरो डाउन पेमेंट'च्या पाट्या मीही वाचते.

सिआर्गाओ त्याच्या आटोक्यात आहे. तिथल्या विमान कंपन्या अधूनमधून एक पेसोचं तिकीट काढतात. भाडं एक पेसो, वर कर आणि इतर शुल्क. सामानाचे वेगळे. तरी स्वस्तच पडतं, आणि पोरं मध्यरात्री फोन घेऊन त्यासाठी जागी बसतात. तुमची तर रात्रपाळीच आहे, त्याला जागरण नवं नाही. तुझी शिफ्ट साडेसातला सुरू होते तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात.

जपानचं अवघड आहे. फिलिपिनो पासपोर्टवर हाँगकाँग, सिंगापूर, थायलंड, व्हिएतनाम बिनव्हिसाचं होतं. जपानला मात्र व्हिसा लागतो, म्हणजे बँकेचे कागद, नोकरीचे कागद, सगळं आलं. आणि व्हिसा हाती असला तरी स्वतःच्याच देशाच्या विमानतळावर त्यांची पोरं अडवली जातात. मानवी तस्करीच्या संशयावरून इमिग्रेशनवाले प्रश्न विचारतात आणि समाधान झालं नाही तर विमानात चढू देत नाहीत. एका मुलीकडे तर अधिकाऱ्याने शाळा-कॉलेजचं इयरबुक मागितलं. तिचं विमान चुकलं. २०२३ मध्ये ते प्रकरण बाहेर आल्यावर देशभर बोंबाबोंब झाली. इयरबुक घेऊन कोण प्रवासाला निघतं बाप्पा?

म्हणून तो नागपूरला निघेल तेव्हा त्याच्या हाती परतीचं तिकीट, कंपनीचं ओळखपत्र आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र असू दे. कुठे उतरणार ते तू एका कागदावर पत्ता-फोनसकट लिहून पाठव. खर्च तो स्वतः करतोय ना? मग 'सगळा खर्च आमच्याकडे' असं आपल्या नागपुरी दिलदारपणाने पत्रात लिहू नकोस. त्यातून विमानतळावर त्यालाच चार प्रश्न जास्त विचारतील.

आपल्याकडच्या बाजूने : फिलिपिनो पर्यटकांसाठी भारताने ऑगस्ट २०२५ पासून वर्षभरासाठी ई-व्हिसाचं शुल्क माफ केलं होतं. सवलत आता कुठवर आहे ते अर्ज करताना सरकारी संकेतस्थळावर बघायला सांग. दिल्ली-मनिला थेट विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं. तो घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेलवाले हे करतातच, पण परदेशी पाहुणा घरी ठेवला तर ते काम घरमालकाचं. बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर पोलिसांचं नाव निघालं की घरात वेगळंच महाभारत.

ड्रोन आणू देऊ नकोस. परदेशातून ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे बंदी आहे, कस्टम्समध्ये जाईल. वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत असेल तर तेही तिकडेच ठेवायचं. त्यांच्याकडे ते कायदेशीर आहे, आपल्याकडे २०१९ पासून बंद. आणि त्याचं चॅनल टिकटॉकवर असेल तर त्याला आत्ताच सांग की जून २०२० पासून ते भारतात चालत नाही. इथे येऊन कळलं तर पहिला दिवस तोंड पाडून बसेल. चार्जर त्याचा चपट्या पिनांचा असणार, एक कन्व्हर्टर घेऊन ठेव.

नागपूर दाखवणं सोपं आहे. ज्याला बर्फ बघायचाय त्याला जानेवारीत पहाटे फुटाळ्यावर ने, स्वेटर तुझाच द्यावा लागेल. तर्री पोहे खाऊ घाल, पण तर्री वेगळ्या वाटीत. ते लोक आंबट खूप खातात, चिंचेचं सिनिगांग तर रोजचं, तिखटाची सवय मात्र बेताची. सावजी पहिल्या दिवशी अजिबात नको. भात तिन्ही वेळा कर, आईला सांग की नाश्त्यालाही चालतो. रविवारी त्याला चर्चमध्ये प्रार्थनेला जायचं असेल, तो कदाचित संकोचाने विचारणार नाही. सदरला सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे, तूच विचार. ताडोबा करायचं तर मंगळवार सोडून, आणि सफारीत मोबाईल नेता येत नाही हे त्याला गेटवर सांगू नको, मनिलात असतानाच सांग. एक लाख सबस्क्रायबर हवे असलेला पोरगा वाघासमोर रिकाम्या हाताने बसलेला मला बघायला आवडेल.

राहिला तुझा हेवा. आपल्याकडे पोरं इच्छा सांगताना आधी तिचं कारण सांगतात. लॅपटॉप पाहिजे, कारण कोर्स करायचाय. गाडी पाहिजे, कारण आईला दवाखान्यात न्यायला बरी. तुझ्या मित्राने बर्फ बघायचाय एवढंच सांगितलं आणि पुढे काही जोडलं नाही. मला वाटतं, तुला त्याचंच अप्रूप वाटलं. एक गोष्ट तूही बिनकारणाची सांगून बघ घरी. बाबा काय म्हणतात ते मला कळव.

सबस्क्रायबरबद्दल मुद्दामच बोलले नाही. लाखाचं ज्याला वेड लागलं त्याला ताई काय सांगणार.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात आहे. इन्स्टाग्रामवर एका फिलिपिनो मुलाशी सहा महिन्यांपासून बोलते. आता त्याचा फोन पडून फुटला म्हणून तो पंधरा हजार रुपये मागतोय. व्हिडिओ कॉल कधीच लागत नाही. तिने माझ्याकडे पैसे मागितले म्हणून मला कळलं. मी फोन काढून घेऊ का?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : पैसे एक रुपया पाठवायचे नाहीत. फोन काढून घ्यायचा नाही. तिने तुमच्याकडे येऊन पैसे मागितले, लपवून कोणाकडून उसने घेतले नाहीत, हे लक्षात ठेवा. आज फोन हिसकला तर पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही.

सहा महिन्यांत एकदाही कॅमेऱ्यासमोर न आलेला माणूस फिलिपिनो आहे की पलीकडच्या गल्लीतला, हे कोणी सांगावं? फोटो फिलिपिनो पोराचा असेल, टाइप करणारा भलताच. आणि टाइप करणारा खरोखरच फिलिपिनो असला तरी तो राजीखुशीने बसलाय असंही नाही. इंग्रजी येणाऱ्या पोरांना नोकरीचं आमिष दाखवून म्यानमार, कंबोडियात नेतात आणि कोंडून हेच काम करवून घेतात. फिलिपिन्समध्येही हे चालायचं. मार्च २०२४ मध्ये बांबान गावच्या एका मोठ्या आवारावर धाड पडली आणि शेकडो लोकांची सुटका झाली. त्यानंतर जुलैत राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी परदेशी ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांवरच बंदी जाहीर केली, कारण त्यांच्या आडून हा धंदा चालत होता. वरच्या पत्रातल्या पोराला विमानतळावर इतके प्रश्न का विचारतात, त्याचं एक उत्तर हेच.

मुलीजवळ बसा आणि दोघींनी मिळून त्याला लिहा : उद्या अमुक वाजता व्हिडिओ कॉल कर, आई पण बोलेल. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेवढं धरून वेळ द्या. शंभरातले नव्याण्णव तिथेच गायब होतात. आधीच काही पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर केला की पैसे पुढे सरकतात. तिचे फोटो त्याच्याकडे आहेत का, तेही विचारा. आवाज न चढवता.

प्रश्न : नातू दहावीत. मोबाईलवर मोबाइल लेजेंड्स का काय ते खेळतो आणि म्हणतो, फिलिपिन्समध्ये पोरं यावर करिअर करतात, गोल्ड मेडल मिळतं. खरं का?
— एक आजोबा, महाल

उत्तर : मेडलचं खरं आहे. २०१९ मध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाल्या, त्यात या खेळाचा समावेश होता आणि यजमानांनीच सुवर्ण घेतलं. जागतिक स्पर्धांमध्येही त्यांचे संघ पुन्हा पुन्हा जिंकलेत. नातू थापा मारत नाही.

पण त्याला दुसरीही गोष्ट सांगा. करोनाच्या काळात तिथे कामधंदे बसले तेव्हा अ‍ॅक्सी इन्फिनिटी नावाचा एक खेळ आला. आधी पैसे घालून गोंडस राक्षस विकत घ्यायचे, त्यांच्या लढाया लावायच्या आणि बदल्यात मिळणारी आभासी नाणी विकून पेसो करायचे. २०२१ मध्ये काबानातुआन शहरात रिक्षावाले, दुकानवाल्या आजीबाई, सगळे खेळत होते, कारण दिवसाच्या मजुरीएवढं सुटत होतं. ज्यांच्याकडे राक्षस घ्यायला पैसे नव्हते ते दुसऱ्याचे राक्षस वाट्याने खेळवत, आपल्याकडे शेत करतात तसे. मग नाण्याचा भाव घसरला. मार्च २०२२ मध्ये हॅकरांनी त्यामागच्या यंत्रणेतून साठ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम पळवली. कर्ज काढून राक्षस घेतलेल्यांच्या हाती नुसती चित्रं उरली.

तेव्हा नातवाला एकच विचारा : तुझ्या खेळात आधी पैसे घालावे लागतात का? नसतील तर परीक्षा सांभाळून खेळू द्या. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने बंदच झालेत, ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत. आणि आजोबा, एकदा त्याच्या शेजारी बसून एक डाव पूर्ण बघा. मी बघितला आहे. निम्मं कळत नाही, पण पाच जणांत कोण स्वार्थी आहे ते लगेच कळतं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, शाकाहारी. फिलिपिन्सला व्हिसा लागत नाही असं ऐकलं. जावं का? कधी?
— नरेंद्रनगर

उत्तर : जा. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसा लागत नाही. पासपोर्ट सहा महिने चालणारा, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हवं. ही मुदत तिथे वाढवून मिळत नाही, त्यामुळे बेत १२ दिवसांचाच आखा.

पावसाळी वादळं जून ते नोव्हेंबर जोरात असतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. सात हजारांहून जास्त बेटं आहेत, दोन निवडा. बोराकाय सगळे सांगतील. सांडपाण्याने ते इतकं घाण झालं होतं की २०१८ मध्ये सरकारने सहा महिने पर्यटकांना बंद ठेवलं. आता चांगलं आहे, पण गर्दी असते. तुम्हाला मी पालावान सांगेन, तिथे प्युर्तो प्रिन्सेसाजवळ जमिनीखालून वाहणारी नदी आहे, नावेतून आत जाता येतं. गुडघे बरे असतील तर बानावेजवळच्या बाताडची डोंगरउतारावरची भातखाचरं, युनेस्कोच्या यादीत १९९५ मध्ये गेलेली.

जेवणाचे हाल होतील. भाजीतही कोलंबीची चटणी किंवा डुकराचं मांस असतं आणि त्यांना ते मांसाहारात धरावंसं वाटत नाही. दशम्या, चिवडा, मेतकूट भरपूर न्या. भात सगळीकडे आहे, आंबे गोड आहेत.

निघण्याआधी तीन दिवसांच्या आत ई-ट्रॅव्हल नावाचा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते बंद करा आणि पत्ता पुन्हा नीट टाइप करा.